गौरीपुढची गाडी

नगरच्या सावेडीत गौरी बसल्या की आमच्या गल्लीतल्या बायका एकमेकींना पहिला प्रश्न विचारतात तो असा, "कराळेकाकूंची गाडी बघितली का?" मुखवटे कसे आहेत, साड्या कोणत्या नेसवल्या, फराळ काय काय मांडला, हे सगळं नंतर. आधी गाडी. विमलबाई कराळे यांच्या गौरींच्या पायाशी एक आगगाडी फिरते. वीतभर इंजिन, मागे चार डबे, आणि लाडू-करंज्यांच्या ताटांना वळसा घालून जाणारे रूळ. ती बघायला दोन दोन गल्ल्या सोडून बायका येतात आणि निमित्त हळदीकुंकवाचं सांगतात. विमलबाई काही दुधखुळ्या नाहीत. "कुकू लावून घेत्यात आन् डोळं समदं रुळावर," असं त्या म्हणतात. पण म्हणताना पदर सावरून घेतात, म्हणजे बाई खूश आहेत असं समजावं.

ही गाडी बन्सी कराळे यांनी केली. बन्सीभाऊंचा जन्म गेला नागापूरच्या एमआयडीसीत मोटारी भरण्यात. विहिरीवरची मोटार जळाली की आतली जळकी तांब्याची तार उसवायची, नवी गुंडाळायची, वार्निश पाजायचं आणि मोटार पुन्हा जिवंत करून शेतकऱ्याच्या टेम्पोत चढवायची. मोटार उघडायच्या आधीच ते तिला नाक लावत आणि काय जळालं ते सांगत. डॉक्टर नाडी बघतो, हे वास बघत. एकदा कारखान्यातल्या एका साहेबाची बदली झाली. सामान बांधताना मुलाचा जुना परदेशी खेळ अडगळीत निघाला. रूळ, डबे आणि जळालेलं इंजिन. साहेब म्हणाले, "कराळे, घेऊन जा, नाहीतर कचऱ्यात जाईल." बन्सीभाऊंनी ते खोकं सायकलला लावून घरी आणलं.

त्या इंजिनाच्या पोटातली मोटार सुपारीएवढी. ती त्यांनी भिंगाखाली धरून, केसासारख्या तारेने भरली. मग रुळात करंट सोडायला एक पेटी केली. पत्र्याची, राखाडी रंगाची, वर एक गोल बटण. आतला ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळलेला, आणि गरजेपेक्षा बराच दांडगा. एवढी मोठी कशाला म्हणून विमलबाईंनी विचारलं, तर म्हणाले, "घरात भाकरी जरा जास्तीचीच आसावी. पावना सांगून येत न्हाई." बटण फिरवलं की रुळात करंट चढे आणि जितका करंट चढे तितकी गाडी पळे. बाकी काही भानगड नव्हती. त्या काळी सगळ्या खेळातल्या गाड्या अशाच चालत.

विमलबाईंना गाडीचं वेड लागायला वेळ लागला नाही, कारण त्या कर्जतकडच्या. त्यांच्या माहेरी एसटी होती, बैलगाडी होती, आगगाडी नव्हती. लग्न होऊन वांबोरीला सासरी जाताना त्यांनी नगरच्या स्टेशनात पहिल्यांदा इंजिन बघितलं. डिझेलचं. ते जागेवर उभं होतं, कुठेच निघालेलं नव्हतं, तरी फलाट हादरत होता. ती थरथर फरशीतून चढत त्यांच्या नव्या जोडव्यांपर्यंत आली. पोरीने घाबरून हात जोडले. वऱ्हाडातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बन्सी हसला नाही. ओळखदेखही नीट झाली नव्हती, तरी तो जरा जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "उभं हाय म्हनून झोपलंय आसं समजू नगं. आत समदं चालू हाय." नवऱ्याने आपल्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. विमलबाई ते कधी विसरल्या नाहीत, आणि नंतर त्या फलाटावर जितक्या वेळा उभ्या राहिल्या तितक्या वेळा पायाची बोटं हळूच फरशीला टेकवून बघत राहिल्या.

म्हणून गाडी पहिल्यांदा गौरीपुढे मांडली तेव्हा बन्सीभाऊंनी नेम घालून दिला की बटण फिरवायचं ते विमलबाईंनीच. लक्ष्म्यांची गाडी घरच्या लक्ष्मीने चालवायची. कसं फिरवायचं तेही त्यांनीच शिकवलं, विमलबाईंच्या मनगटावर आपला हात ठेवून. "पुरनपोळीवर तूप वाढतीस का न्हाई? धार तुटू द्यायची न्हाई आन् भसकन ओतायचं बी न्हाई. तसं." विमलबाई तूप वाढण्यात पटाईत. गाडी अशी निघे की डब्यात ठेवलेला तांदळाचा दाणा हलू नये.

त्याच वर्षी तो प्रसंग घडला. त्यांचा नितीन तेव्हा शाळकरी. आई नैवेद्य आणायला आत गेली आणि या पठ्ठ्याने बटण शेवटपर्यंत पिळलं. इंजिन समोरच्या वळणावर सुटलं, उडालं आणि गौरीच्या ताटातल्या कटाच्या आमटीत जाऊन पडलं. मागोमाग एक डबाही गेला. नितीनला बापाच्या हातची एक सणसणीत बसली. जन्मात ती एकच, त्यामुळे नीट लक्षात राहिली. मग बन्सीभाऊंनी इंजिन धुतलं, पुसलं, उन्हात वाळवलं, आणि विमलबाईंची लग्नाकार्यापुरती आणलेली नखं रंगवायची लाल बाटली घेऊन बटणाशेजारी पत्र्यावर एक रेघ मारली. "ह्याच्या म्होरं कुनीच न्यायचं न्हाई. मी बी न्हाई," असं त्यांनी सगळ्यांना बजावलं.

ती रेघ घरात देवाच्या बोलासारखी पाळली गेली. नितीन मोठा झाला, इंजिनिअर झाला, पुण्याला नोकरीला लागला, शुभांगीशी लग्न करून संसाराला लागला. दर गौरीला घरी आला की तोही कधीमधी बटणाला हात लावी, पण रेघेशी त्याचं मनगट आपसूक थांबे. विमलबाईंना तर रेघ बघावीही लागत नसे. किती फिरवलं म्हणजे ती येते हे त्यांच्या हाडांना कळत होतं.

गेल्या पौषात बन्सीभाऊंना झटका आला. सकाळचा चहा हातात होता, कप पडला, माणूस खुर्चीतच कलला. दवाखाना झाला, जीव वाचला. पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. घशातून नुसता "ऊं" येतो, आणि तो होकार, नकार की तहान हे कळायला काही मार्ग नाही. डावा हात तेवढा शाबूत राहिला.

सुरुवातीला लोक येत. खुर्चीसमोर वाकून, बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडत, "कसं काय भाऊ? बरं हाय ना? बरं हाय, बरं हाय," असं स्वतःच विचारून स्वतःच उत्तर देत आणि चहा पिऊन जात. वरच्या मजल्यावरच्या आरतीताई मनाने चांगल्या, वेळीअवेळी धावून येणाऱ्या, पण त्यांनीही एकदा बन्सीभाऊंच्या डोक्यावरून विचारलं, "काकू, काकांना कळतं का हो काही?"

"कळतंय की," विमलबाई लगेच म्हणाल्या.

म्हणाल्या खऱ्या. पण दुपारी घर सामसूम झालं की त्या खुर्चीकडे बघत बसत आणि आतून चरकत. ह्यांना खरंच कळतं का? की आपणच आपली समजूत घालतोय? एखादं विचारावं तर डोळे कुठेतरी दूर. उत्तराची वाट बघणं दोघांनाही जड जाई, म्हणून त्यांनी विचारणंच कमी केलं. "जेवताय? हं, घ्या. झोपताय? हं, झोपा." जिच्याशी हा माणूस मोटारींपासून मुलाच्या नावापर्यंत सगळं बोलला, तिचं नवऱ्याशी बोलणं आता एवढंसं उरलं. त्यांना एकच गोष्ट हवी होती. आत तो माणूस अजून आहे, एवढं एकदा कळावं. चालला नाही, बोलला नाही तरी चालेल. आहे, एवढं कळावं.

श्रावणात त्यांनी माळ्यावरून फळ्या काढल्या, रूळ पुसले, पेटी लावली. जुनं इंजिन कुरकुरलं, जागेवर थरथरलं आणि बंद पडलं. दर वर्षी त्याचं काही ना काही निघे आणि बन्सीभाऊ ते भिंगाखाली घेत. या वर्षी कोण घेणार? त्यांनी नितीनला फोन केला आणि दुसरंच काहीबाही बोलत शेवटी सांगितलं, "आन् ते इंजिन बी गेलं बघ."

नितीन गौरी यायच्या दिवशी शुभांगीला घेऊन आला तो हातात एक खोकं घेऊनच. पुण्यात अशा गाड्यांचा नाद असलेल्या एका गृहस्थाकडून त्याने नवं इंजिन आणलं होतं. डिझेलचं, गडद निळं, चाकांजवळच्या पायऱ्यासुद्धा हुबेहूब. विमलबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

"आई, हे डिजिटल आहे," नितीन सांगू लागला. "म्हणजे ह्याच्या पोटात एक चिप आहे. मेंदूच म्हण ना. नव्या पद्धतीत रुळात करंट कायम भरलेला असतो आणि कंट्रोलरवरून ह्याला हुकूम द्यायचा. चल म्हटलं की चालतं, दिवा लाव म्हटलं की लावतं. आवाजसुद्धा आहे ह्याला, खऱ्या इंजिनाचा. साध्या करंटवरही चालतं असं म्हणाले ते. बाबांच्या पेटीवर चालवून बघू."

बन्सीभाऊंची खुर्ची दाराशी होती. त्यांनी मान वळवली की नाही, कोणी बघितलं नाही.

इंजिन रुळावर ठेवलं. विमलबाईंनी देवाला हात जोडले, बटण धरलं आणि तुपाची धार धरावी तसं फिरवलं. जुनं इंजिन पाव बटणावरच सरकायचं. हे सरकलं नाही. अर्धं झालं, तरी नाही. रेघ आली. हात थांबला. इंजिन थंड पडून होतं. ना दिवा, ना आवाज.

"थांब, मी बघतो," म्हणत नितीन बसला. चाकं पुसली, रूळ पुसले, इंजिन उलटं करून ठेवलं. त्यानेही बटण फिरवलं आणि तोही रेघेशी थांबला. इंजिनिअर माणूस, पण त्या रेघेपुढे जायचं त्याच्या मनातच आलं नाही. चुलीत हात घालायचा नाही हे जसं कोणी पुन्हा तपासून बघत नाही, तसंच ते.

त्याने पुण्याला फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी काय काय सांगितलं. साधा करंट ओळखायची सोय चिपमध्ये बंद केलेली असू शकते, ती डिजिटल कंट्रोलरशिवाय चालू होणार नाही. पेटी जुनी असेल तर भलताच करंट देऊ नका, चिप जळायची. फोन ठेवून नितीन म्हणाला, "राहू दे आई. मी डिजिटल कंट्रोलर मागवतो, पुढच्या वर्षी मस्त चालवू. बाबांच्या पेटीत आता दम राहिला नसेल. किती वर्षांची ती. माळ्यावर ठेवून देऊ."

पोरगा वाईट बोलला नाही. बापावर त्याची माया कमी नव्हती. पण "दम राहिला नसेल" हे शब्द विमलबाईंच्या काळजात रुतले. तो पेटीविषयी बोलत होता आणि त्यांना मात्र दाराशी बसलेला माणूस दिसत होता. "उद्याच्याला नगं. लक्ष्म्या उठल्यावर काय ते कर," एवढंच बोलून त्या आत पुरणाची डाळ निवडायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी गौरी जेवल्या. संध्याकाळी समया लागल्या आणि बायका यायला लागल्या. हळदीकुंकू, अत्तर, ओटी, साड्यांचं कौतुक. आणि मग प्रत्येकीची नजर खाली रुळांकडे. नवं निळं इंजिन चार डबे घेऊन उभं, जागेवर.

"अगं बाई, गाडी बंद का?"

"या वर्षी जरा…" शुभांगी सांभाळून घेत होती.

आरतीताई आल्या. गाडीकडे बघून हळहळल्या, मग दाराशी बघून अजून हळहळल्या. "काका असते तर…" असं म्हणून गेल्या आणि जीभ चावली. "म्हणजे, असते म्हणजे, बरे असते तर. काकू, आता कळतं का हो त्यांना थोडंफार?"

विमलबाईंच्या हातात कुंकवाचा करंडा होता. त्या काही बोलल्या नाहीत, आणि इतक्या दिवसांत "कळतंय की" म्हणाल्या नाहीत अशी ती पहिलीच वेळ.

तेवढ्यात बन्सीभाऊंचा डावा हात वर झाला. "ऊं," ते म्हणाले. हात हवेत, मनगट फिरतंय.

"पाणी?" शुभांगी धावली. पाण्यापासून त्यांनी तोंड फिरवलं. "ऊं." मनगट पुन्हा फिरलं.

"पंखा, पंखा वाढवा," एकजण म्हणाली. शुभांगीने भिंतीवरचा रेग्युलेटर फिरवला. पंखा गरगरला, समयांच्या ज्योती आडव्या झाल्या, गौरीचा पदर उडाला आणि सगळ्या बायका "अगं अगं अगं" करत समईपुढे हात धरायला धावल्या. पंखा बंद झाला. एकीने टीव्ही लावायचा का म्हणून विचारलं. बन्सीभाऊ आपले हात फिरवतच होते. घाम फुटला होता, पण हात खाली येईना.

विमलबाई तिथेच उभ्या राहून बघत होत्या. आणि एकदम त्यांना दिसलं.

ते फिरवणं पंख्याचं नव्हतं. पंख्याचा रेग्युलेटर कोणी असा फिरवत नाही. धार तुटू द्यायची नाही आणि भसकन ओतायचं नाही, असं ते मनगट फिरत होतं. हवेतलं ते बटण विमलबाईंना स्वच्छ दिसलं. पाव झालं, अर्धं झालं, रेघ कुठे येते तेही त्यांच्या हाडांना कळलं. पण हात रेघेशी थांबला नाही. तो तसाच, त्याच धारेने, रेघेच्या पुढे गेला. मग परत मागे आला, पुन्हा सुरू झाला आणि पुन्हा रेघ ओलांडून गेला. ज्याने रेघ मारली तोच सांगत होता.

विमलबाईंनी करंडा शुभांगीच्या हातात दिला आणि पेटीपुढे मांडी घातली.

"आई, काय करतेस?" नितीन पुढे झाला. "रेघेपुढे नको. जळेल ते. ते गृहस्थ म्हणाले ना काल."

"ह्ये सांगत्यात," विमलबाई म्हणाल्या.

"बाबा? बाबांना हे डिजिटल काय माहीत, आई?"

"इंजिन म्हाईत नसंल. पेटी तर त्यांचीच हाय. आन् जळायला लागलं तर वास यील. वास मला बी कळतो आता. इतकी वर्सं कुनासंगं काढली?"

विमलबाईंनी बटण धरलं. पाव, अर्धं, रेघ. हात सवयीने थांबला. एक क्षण त्यांचाच हात त्यांना पुढे जाऊ देईना. त्यांनी दाराकडे पाहिलं. बन्सीभाऊंचा हात अजून हवेत होता, मनगट पुढे झुकलेलं, त्यांच्यासाठी थांबलेलं. विमलबाईंनी श्वास घेतला, नाक रुळाजवळ नेलं आणि रेघ ओलांडली.

इंजिनाच्या कपाळावरचा दिवा लागला.

कोणीतरी "अय्या" म्हणालं. विमलबाई केसभर पुढे गेल्या. इंजिनाच्या पोटात काहीतरी घरघरलं, एकदा खोकल्यासारखं झालं, धक्का बसला आणि मग ते सुरू झालं. डग डग डग डग. जड, दमदार, संथ. खेळण्याचा आवाज नव्हे तो. दौंड-मनमाड मार्गावर विजेची इंजिनं यायच्या आधी विळदच्या चढाला लागण्यापूर्वी जो आवाज उभा राहायचा, तोच, वीतभर अंगातून. आणि इंजिन अजून जागेवरच होतं. चाक तसूभर हललं नव्हतं. खोलीत इतक्या बायका, इतक्या बांगड्या, पण एक बांगडी वाजली नाही. समईच्या उजेडात सगळ्यांची तोंडं त्या निळ्या जिवाकडे लागली होती आणि आपण काय बघतोय ते कोणाला सांगता आलं नसतं.

विमलबाईंनी अजून थोडी धार सोडली. गाडी निघाली. वळणावर नितीनने नकळत आमटीच्या वाटीपुढे हात धरला. पण गाडी उडाली नाही. बटण रेघेच्या एवढं पुढे असूनही ती नवी नवरी उंबरा ओलांडते तशी सावकाश वळली, लाडवांमागे गेली, करंज्यांमागून आली आणि गौरीच्या पायांवरून तिचा उजेड सरकत गेला.

"अरे, खरंच की!" नितीन कपाळावर हात मारून हसायला लागला. "आधी चिपला जागं व्हायला करंट लागतो. तिचा वाटा ती घेणार, मग उरलेला मोटारीला देणार. आपण रेघेशी थांबत होतो, म्हणजे तिला उठायला पुरेल एवढंही देत नव्हतो. आणि मी काल पेटीला नावं ठेवली! आई, मला रेघेपुढे जायचं सुचलंच नाही गं." असं म्हणत त्याचा हात गालावर गेला, जिथे ती एक बसली होती तिथे. मग तो उठला आणि बापाच्या खुर्चीशी जाऊन बसला.

गाडीने दोन फेरे घेतले. मग विमलबाईंनी बटण हळूहळू मागे घेतलं. गाडी मंद झाली, थांबली. पण आवाज थांबला नाही. बटण अजून रेघेच्या पुढेच होतं. चालायला कमी, झोपायला जास्त, अशा जागी. इंजिन उभं होतं आणि आत सगळं चालू होतं. डग डग डग डग.

विमलबाईंनी फळीवर बोटं टेकवली. बारीक थरथर बोटांत आली.

नगरच्या स्टेशनातली ती पोरगी त्यांना आठवली, हात जोडून उभी राहिलेली. आणि तिच्या कानाशी बोललेला तो माणूस. त्यांनी मान वर केली. सगळा घोळका इंजिनाकडे बघत होता. बन्सीभाऊ इंजिनाकडे बघत नव्हते. ते विमलबाईंकडे बघत होते, आणि ते डोळे कुठेही दूर नव्हते. इतके महिने हा माणूस इथेच बसून होता. सगळं ऐकत होता, पेटी माळ्यावर टाकायचं ठरलं तेही ऐकत होता, आणि आपण त्याला "जेवताय? हं" एवढंच घालत होतो. त्याला उठायला पुरेल एवढंही बोलत नव्हतो. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, "आरतीताई, मघाशी काय विचारलंत?"

आरतीताई ओशाळल्या. "काही नाही काकू, सहज आपलं…"

"न्हाई, इचारा. पर मला नगं, ह्यांनाच इचारा. आन् इचारलं की जरा थांबा. लगीच निघून जाऊ नगा."

शुभांगीच्या पर्समध्ये नखं रंगवायची बाटली होती, लालच. विमलबाईंनी ती मागून घेतली. पेटी वायरीसकट उचलून, दाराशी नेऊन बन्सीभाऊंच्या मांडीवर ठेवली. वायर ताणली, पण पुरली. बाटलीचा ब्रश त्यांनी त्यांच्या डाव्या हातात दिला. आणि मग, चांगल्या खणखणीत आवाजात, पूर्वी मोटारीच्या गिऱ्हाइकाविषयी विचारत तसं, नवऱ्याला विचारलं:

"आवं, ही जुनी खूण आता काय कामाची न्हाई. नवी कुठं करायची?"

विचारून त्या थांबल्या. कोणी "बरं हाय, बरं हाय" म्हटलं नाही. बायका थांबल्या, नितीन थांबला, इंजिन तेवढं जागेवर उभं राहून डगडगत होतं. बन्सीभाऊंनी बटण डाव्या हाताच्या करंगळीने जरा पुढे ढकललं. गाडी हलली. मागे घेतलं. गाडी थांबली, आवाज राहिला. अजून मागे घेतलं तर आवाज गेला असता, तिथपर्यंत त्यांनी ते नेलंच नाही. मग ब्रश पत्र्याला टेकला.

खूण जिथे गाडी पळते तिथे झाली नाही. जिथे ती उभी राहून जागी असते, बरोबर तिथे झाली. डाव्या हाताची म्हणून जरा तिरकी आली, आणि पत्र्यावर एक थेंब ओघळला. शुभांगी पुसायला कापूस घेऊन आली.

"ऱ्हाऊ दे," विमलबाई म्हणाल्या. "वाळू दे तशीच."